साठ ठोक्यांचा हिशेब

१९८०च्या दशकाच्या मध्यावर अंगाच्या हालचालीप्रमाणे वेग बदलणारे पेसमेकर आले, तेव्हा डॉक्टरांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. असा पेसमेकर बसवलेला माणूस जिना चढू लागला की त्याचे ठोके थोडे वाढायचे. तोच माणूस जिना उतरू लागला की जास्त वाढायचे. चढताना श्रम जास्त आणि उतरताना कमी, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्या यंत्राला श्रम कळतच नव्हते, हादरे कळत होते. त्याच्या डबीला आतून एक स्फटिकाची चकती चिकटवलेली असायची. हादरा बसला की तीत बारीकसा वीजदाब तयार व्हायचा आणि त्यावरून यंत्र ठरवायचं, की मालक आता पळतोय. जिना उतरताना पाऊल पायरीवर जोरात आपटतं, म्हणून ठोके जास्त. खडबडीत रस्त्यावर गाडीत बसून चाललेला माणूसही या यंत्राच्या लेखी पळत असायचा. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून घाट उतरणाऱ्याचं काय होईल, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. उलट गुळगुळीत रस्त्यावर सायकल हाणणारा घामाघूम झाला तरी त्याची छाती फारशी हलत नसे, आणि ठोके बिचारे होते तिथेच.

नंतरचे पेसमेकर पुष्कळ शहाणे झाले. तरी मूळचा प्रश्न शिल्लक आहेच. हृदयानं कधी किती वेगानं चालायचं, हे ठरवायचा अधिकार एकदा यंत्राकडे दिला, की यंत्रानं तो कुठल्या आधारावर वापरायचा? हृदय धडधाकट असेल तर यंत्राचा अंदाज थोडा चुकला तरी खपून जातं. ज्याचं हृदय थकलंय, ज्याला डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर सांगितलंय, त्याच्या बाबतीत खपत नाही. अशा माणसाचा दिवसच मुळी दमाच्या हिशेबावर चालतो. अंघोळ झाली की पाच मिनिटं टेकायचं. भाजी आणायला जायचं तर चढाच्या रस्त्यानं जायचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या लेकीकडे दिवाळीला जायचं की तिलाच बोलवायचं? पेसमेकरचे आकडे बदलून अशा माणसाचं चालणं वाढवता येईल का, यावर इंग्लंडमधलं लीड्स, अमेरिकेतलं व्हरमाँट आणि मिनेसोटातली मेयो क्लिनिक या तीन ठिकाणी गेल्या दहा वर्षांत बरंच काम झालं. उत्तरं मात्र एकमेकांशी भांडणारी आली. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे.

*

सुरुवातीला वेगाचा प्रश्नच नव्हता, जीव वाचवायचा होता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग या सर्जननं आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर घातला. लार्सनच्या हृदयातला विजेचा मार्ग तुटला होता आणि तो दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत असे. त्याची बायको एल्स-मारी सेनिंगच्या आणि रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याच्या अक्षरशः मागे लागली, म्हणून हे यंत्र घाईनं तयार झालं. एल्मक्विस्टनं बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात एपॉक्सी राळ ओतली होती. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, मग दुसरं बसवलं. पुढे वीसहून जास्त पेसमेकर वापरून लार्सन २००१ साली वयाच्या ८६व्या वर्षी वारला. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्याच्या आधी गेले होते.

लार्सनच्या त्या यंत्राला एकच वेग ठाऊक होता. माणूस झोपलेला असो की धावत असो, ठोका त्याच अंतरानं. जो रोज बेशुद्ध पडतो त्याला तेवढंही पुष्कळ असतं. पुढे हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकून गप्प बसणारे पेसमेकर आले, मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांत दोन तारा घालून दोघांचा मेळ राखणारे आले. १९८१मध्ये लंडनच्या अँथनी रिकर्ड्स यांनी हृदयाच्या विद्युत आलेखातल्या एका अंतरावरून शरीराची धावपळ ओळखायची युक्ती काढली. मग तो हादऱ्यांवर चालणारा स्फटिक आला. त्यानंतर छातीचा विद्युत रोध मोजून श्वासाचा अंदाज घेणारे पेसमेकर आले. हात जोरजोरात हलवले तरी त्यांना वाटायचं, मालकाला धाप लागली आहे. आजच्या बहुतेक पेसमेकरमध्ये मोबाइलमध्ये असतो तसा गतिमापक असतो. त्याला चालणं चांगलं कळतं. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन जागेवर उभं राहण्यातले कष्ट मात्र त्यालाही कळत नाहीत.

कारखान्यातून येताना पेसमेकरमध्ये काही आकडे घातलेले असतात. सहसा खालचा वेग मिनिटाला ६० आणि सेन्सरनं वाढवायचा वरचा वेग १२० ते १३० च्या घरात. हे आकडे सरासरी माणसाला चालतील असे, सावधपणे निवडलेले असतात. डॉक्टर ते बदलू शकतात, नव्हे, बदलावेत अशीच अपेक्षा असते. तरी असंख्य पेसमेकर वर्षानुवर्षं त्याच आकड्यांवर चालत राहतात.

*

माणूस चालायला लागला की शरीरात काय होतं, याचा हिशेब आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञानं १८७०मध्येच मांडून ठेवला आहे. शरीर किती प्राणवायू वापरतं हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: मिनिटाला ठोके किती, एका ठोक्यात रक्त किती फेकलं जातं आणि त्या रक्तातून स्नायू प्राणवायू किती ओढून घेतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाचे ७० ठोके आणि ठोक्याला ७० मिलिलिटर धरले तर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त. निरोगी माणूस पूर्ण ताकदीनं व्यायाम करतो तेव्हा प्राणवायूचा वापर साधारण चौपट होतो. त्यात ठोके दुपटीहून थोडे जास्त वाढतात, ठोक्यामागचं रक्त सव्वापटीच्या आसपास वाढतं आणि बाकीचं काम स्नायू करतात. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा ठोक्यांच्या वेगाचा.

हार्ट फेल्युअरमध्ये ठोक्यामागचं रक्त फारसं वाढू शकत नाही. मग वेगावरच भिस्त. आणि नेमकं तिथेच पुष्कळांचं गाडं अडतं. ६५ वर्षांच्या माणसाचा ढोबळ अपेक्षित कमाल वेग २२०मधून वय वजा करून १५५ येतो. बसल्यावेळी त्याचे ठोके ६५ असतील तर वाढीला ९० ठोक्यांची जागा आहे. त्यातली ८० टक्केही जागा तो वापरू शकला नाही, म्हणजे ट्रेडमिलवर १३७च्या आतच अडकला, तर हृदय श्रमाला साथ देत नाही असं म्हणतात. वय, आजार आणि औषधं, तिघांचाही त्यात हात असतो.

यावरचा उपाय उघड दिसतो. छातीत पेसमेकर आहेच, तर श्रमाच्या वेळी त्यानंच ठोके वाढवावेत. कागदावर गुणाकार बरोबर येतो.

लीड्स विद्यापीठातल्या क्लाउस विटे यांच्या गटानं हा गुणाकार माणसांवर करून पाहिला. हार्ट फेल्युअर असलेल्या आणि आधीच पेसमेकर बसवलेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर चढवून कधी यंत्राकडून ठोके वाढवले, कधी वाढवले नाहीत. २०१६मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: ठोके वाढले, चालण्याची ताकद वाढली नाही. सरसकट वेग वाढवणं हा उपाय नाही, हे पेसमेकरकडून ज्यांना आशा होती त्यांनीच मान्य केलं. बरेच संशोधक इथे फाइल बंद करतात. यांनी प्रश्न बदलला, आणि त्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षं मागे गेले.

*

१८७१मध्ये हेन्री पिकरिंग बाउडिच हा बोस्टनचा तरुण डॉक्टर लाइपझिगमध्ये कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयावर काम करत होता. थांबलेलं हृदय त्यानं विजेच्या झटक्यांनी पुन्हा सुरू केलं, तेव्हा पहिले ठोके अशक्त निघाले. पण ठोके लागोपाठ येत राहिले तसा प्रत्येक ठोका आधीच्याहून थोडा जोरदार होत गेला. कागदावरची रेघ पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेली आणि मग सपाट झाली. म्हणजे हृदय वेगानं चालू लागलं की प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढतो. निसर्गाची ही मोठी सोय आहे. धावताना ठोके वाढतात तेव्हा दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, तरीही हृदय रक्त जोरात फेकू शकतं ते यामुळे.

याच्या मुळाशी कॅल्शियम आहे. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीतल्या कोठीतून कॅल्शियम बाहेर पडतं, त्यानं स्नायू आखडतो, आणि मग एक सूक्ष्म पंप ते कॅल्शियम पुन्हा कोठीत भरतो. वेग वाढला की पेशीत कॅल्शियम जास्त येतं, कोठी जास्त भरते, पुढचा ठोका जास्त जोराचा होतो. अट एकच, भरणारा पंप धड असायला हवा. थकलेल्या हृदयात तोच मंदावलेला असतो. कोठी पुरती भरायच्या आत पुढचा ठोका येऊन ठेपतो आणि वाढलेल्या वेगाबरोबर जोर वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागतो.

व्हरमाँट विद्यापीठात लुईस मुलिएरी, गेर्ड हाझेनफुस, नॉर्मन अल्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये हे माणसाच्या स्नायूवर दाखवून दिलं. निरोगी आणि निकामी हृदयांच्या स्नायूंच्या बारीक पट्ट्या घेऊन त्या वेगवेगळ्या वेगानं आखडवल्या. निरोगी पट्टीचा जोर मिनिटाला पावणेदोनशेच्या जवळपास जाईपर्यंत वाढत राहिला. फुगून सैल पडलेल्या हृदयाच्या पट्टीचा जोर ऐंशीच्या आसपासच शिखर गाठून उतरू लागला. ऐंशी म्हणजे निवांत बसलेल्या माणसाचे ठोके. एका हृदयाला जो वेग सहज पेलतो तो दुसऱ्या हृदयाला उतरणीवर ढकलतो, हे या दोन आकड्यांत आलं.

लीड्सच्या गटाला यात वाट दिसली. सगळ्यांना एकच वरचा वेग देण्याऐवजी प्रत्येकाच्या हृदयाचं शिखर कुठे आहे ते शोधायचं, आणि पेसमेकरला तिथपर्यंतच जाऊ द्यायचं.

शोधायची त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण तिला एकही नवं यंत्र लागत नाही. रुग्ण पलंगावर पडलेला. पेसमेकर आधीच छातीत आहे, म्हणजे हृदयाचा वेग बाहेरून हवा तसा वाढवता येतो. तो टप्प्याटप्प्यानं वाढवायचा. प्रत्येक टप्प्यावर सोनोग्राफीच्याच जातीच्या इकोनं, आखडून झाल्यावर हृदयात किती रक्त उरतं ते मोजायचं आणि दंडाला पट्टा बांधून वरचा रक्तदाब घ्यायचा. दाबाला उरलेल्या रक्तानं भागलं की आखडण्याच्या जोराचा ढोबळ अंदाज मिळतो. आलेख काढला की चढत चढत एका ठिकाणी तो वाकतो. ते या माणसाचं शिखर. पेसमेकरचा वरचा वेग तिथे बांधायचा.

जॉन गियेरुला, विटे आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये दाखवलं, की असं मापून घेतलेल्या आकड्यांवर रुग्ण ट्रेडमिलवर जास्त वेळ टिकतात. मग सहा महिन्यांची, कुणाला कुठले आकडे दिलेत हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला माहीत नसलेली चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२०मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आले. सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता. अभ्यास छोटे आहेत, एकाच शहरातले आहेत, आणि हे रुग्ण जास्त जगले असं कुणी सिद्ध केलेलं नाही. त्यांच्याकडून जास्त चालवलं गेलं, एवढंच. पण ज्याचा दिवस धापेवर मोजला जातो त्याला ‘एवढंच’ हा शब्द लागू पडत नाही, असं माझं मत आहे.

*

आता दुसरी बाजू. हार्ट फेल्युअर म्हणजे प्रत्येक वेळी फुगलेलं, सैल पडलेलं हृदय नव्हे. जवळजवळ अर्ध्या रुग्णांचं हृदय आखडतं व्यवस्थित, पण ताठरलेलं असतं, नीट सैलावत नाही. म्हातारपण, रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा हे त्याचे सोबती. इको रिपोर्टवर पंपिंगचा आकडा छान दिसतो आणि बाई मात्र चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभ्या. या आजारावर औषधं फार उशिरा आली, म्हणून पेसमेकरकडे इथे जास्त आशेनं पाहिलं गेलं.

मेयो क्लिनिकच्या योगेश रेड्डी आणि बॅरी बोरलॉग यांच्या गटानं अशाच २९ रुग्णांना, ज्यांचे ठोके श्रमात वाढत नव्हते, खास या प्रयोगासाठी पेसमेकर बसवले. चार आठवडे यंत्राकडून वेग वाढवायचा, चार आठवडे नाही, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. २०२३मध्ये ‘जामा’त निकाल आला. पेसमेकर चालू असताना श्रमाच्या शिखरावर ठोके मिनिटाला १४नं वाढले. चालण्याची ताकद होती तिथेच. कारण ठोक्यामागचं रक्त २४ मिलिलिटरनी कमी झालं आणि गुणाकार पुन्हा जिथल्या तिथे आला. हापसा भराभर हापसला म्हणून बादली लवकर भरतेच असं नाही, खालून पाणी चढायला वेळ लागतो. ताठर हृदयाला भरायलाच वेळ हवा असतो आणि आपण तोच काढून घेतो. शिवाय २९ पैकी सहा जणांना पेसमेकर बसवण्याशी संबंधित त्रास झाला. ज्याची गरज नव्हती त्याच्या छातीत तार घालणं फुकट नसतं, हा या अभ्यासातला, माझ्या मते, सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे.

त्याच वर्षी व्हरमाँटहून मार्गारेट इन्फेल्ड आणि मार्कुस मेयर यांच्या गटाचा अभ्यास ‘जामा कार्डिऑलॉजी’त आला आणि त्याचा सूर नेमका उलटा. रुग्ण १०७. हृदय ताठर किंवा ताठरतेच्या वाटेवर. फरक असा, की यांना आधीपासूनच दुसऱ्या कारणानं पेसमेकर बसवलेले होते आणि व्हरमाँटनं श्रमातला नव्हे, विश्रांतीतला वेग वाढवला. रुग्णाची उंची आणि हृदयाचं पंपिंग यावरून सूत्रानं प्रत्येकाचा वेग काढला आणि ६०च्या जागी मध्यम आकडा आला ७५. वर्षभरानंतर वेग वाढवलेल्यांना स्वतःलाच बरं वाटत होतं, हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला घटक उतरला होता, आणि पेसमेकरच्याच गतिमापकानुसार त्यांची रोजची हालचाल साधारण पाऊण तासानं वाढली होती. ६०वर ठेवलेल्यांची हालचाल घटली होती.

दोन्ही खरं कसं असू शकतं? व्हरमाँटवाल्यांचं म्हणणं असं, की ताठर हृदय ६०च्या वेगानं चाललं तर दोन ठोक्यांच्या मधल्या लांब वेळात त्यात वाजवीपेक्षा जास्त रक्त कोंबलं जातं, दाब मागे फुप्फुसांपर्यंत चढतो आणि धाप लागते. वेग थोडा वाढवला की दाब उतरतो. मेयोनं मोजलं ते शिखर, व्हरमाँटनं मोजला तो दिवसभराचा पाया. शिखरावर आणखी १४ ठोके चढवणं आणि पायथा १५ ठोक्यांनी उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हे स्पष्टीकरण पटतं. व्हरमाँटचा अभ्यासही एकाच केंद्रातला आहे, आणि ‘बरं वाटणं’ हे फार निसरडं माप आहे, हेही तितकंच खरं. मोठ्या चाचण्या होईपर्यंत ७५ हा कुणाही ताठर हृदयाचा हक्काचा आकडा म्हणता येणार नाही.

स्पेनमध्ये वालेन्सियाच्या डॉक्टरांनी तर पेसमेकरला हातही न लावता हाच प्रश्न तपासला. ताठर हृदयाच्या आणि श्रमात ठोके न वाढणाऱ्या ५२ रुग्णांच्या बीटा ब्लॉकर गोळ्या त्यांनी देखरेखीखाली थांबवल्या. दोन आठवड्यांत शिखरावरचा प्राणवायूचा वापर किलोमागे १२.२ मिलिलिटरवरून १४.३वर गेला. ज्यांचं हृदय सैल पडलंय त्यांनी हे वाचून गोळी थांबवू नये. त्यांच्या बाबतीत इतिहास बरोबर उलटा आहे. १९७५मध्ये स्वीडनच्या गोटेबोर्गमध्ये फिन वागस्टाइन यांनी अशा सात रुग्णांना, त्या काळच्या सगळ्या शिकवणीच्या विरुद्ध, हृदय मंद करणाऱ्या याच गोळ्या दिल्या आणि ते सुधारले. पुढे हजारो रुग्णांच्या चाचण्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. मंद चालवून वाचलेलं हृदय आणि मंद चालवून दमलेलं हृदय, दोन्हींवर एकच निदान लिहिलेलं असतं. गोंधळ होतो तो त्यामुळे.

*

व्हरमाँटच्या अभ्यासात एक अट होती आणि आपल्याकडच्या वाचकानं ती दोनदा वाचावी. तिथले पेसमेकर असे निवडले होते, की वेग वाढवला तरी खालचे कप्पे निसर्गाच्या क्रमानं किंवा त्याच्या जवळपास आखडतील. साध्या पेसमेकरमध्ये तसं होत नाही. तिथे तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी असते. तिथून निघालेला झटका स्नायूतून रांगत डावीकडे पोचतो आणि डावं अंग उशिरा, वेडंवाकडं आखडतं. २००२मध्ये ‘डेव्हिड’ नावाच्या चाचणीनं हे जगाला दाखवलं. पंपिंग कमी असलेल्या ५०६ रुग्णांपैकी निम्म्यांचं यंत्र ७०च्या वेगानं दोन्ही कप्पे चालवायचं, उरलेल्यांचं फक्त ४०च्या खाली ठोके गेले तरच मदतीला यायचं. मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती, दोन्ही मिळून पाहिलं तर जास्त काम करणाऱ्या यंत्राचे रुग्ण जास्त बिघडले. आपल्याकडे कितीतरी लोकांना खर्चापायी एकाच तारेचा पेसमेकर बसवलेला असतो, आणि ती तार याच टोकाशी असते. त्याचा वेग ६०वरून ७५ केला तर तेवढे जास्त ठोके चुकीच्या वाटेनं जाणार. तोच आकडा, तारेची जागा वेगळी, परिणाम उलटा.

तारेची जागा बदलायचं काम अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या सेअर गावी डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी सुरू केलं. २००० साली त्यांनी हृदयाच्या स्वतःच्या विद्युतवाहिनीवर, हिस बंडलवर, कायमची तार बसवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. झटका निसर्गाच्या रस्त्यानं जातो, म्हणून डावं-उजवं एकदम आखडतं. हे काम किचकट होतं आणि बरीच वर्षं मोजकेच लोक ते करत राहिले. चीनमधल्या वेन्झोऊच्या वैजियान हुआंग यांनी २०१७मध्ये थोडं पुढे, डाव्या फांदीवर तार बसवायची सोपी रीत दाखवली, आणि आता आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही ती केली जाते. त्याआधी १९९४पासून फ्रान्समधल्या सर्ज काझो यांच्या वाटेनं डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तारा घालून त्यांचा मेळ बसवणारे पेसमेकर आले होते. त्यांच्या सुरुवातीच्या एका चाचणीत सहा मिनिटांत चाललेलं अंतर ३२६ मीटरवरून ३९९वर गेलं. पण हे महागडं यंत्रसुद्धा चुकीच्या आकड्यांवर मुकं होतं. त्याचा फायदा ९८ टक्क्यांहून जास्त ठोके दोन्ही बाजूंनी दिले तरच पुरता मिळतो. श्रमात रुग्णाचे स्वतःचे ठोके यंत्राच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेले की मेळ तुटतो, आणि तो नेमका चढावर तुटतो.

याहून नाट्यमय प्रकार दोन तारांच्या साध्या पेसमेकरमध्ये घडतो. वरच्या कप्प्याचा ठोका ऐकून खालच्याला झटका द्यायचा आणि मग काही काळ कान बंद ठेवायचे, असं यंत्राचं चालतं. वाट पाहायचा काळ ०.२ सेकंद आणि कान बंद ठेवायचा काळ ०.३ सेकंद धरला, तर एकूण अर्धा सेकंद. म्हणजे मिनिटाला १२० पर्यंत सगळं ठीक. वरचा कप्पा १२१वर गेला की प्रत्येक दुसरा ठोका बंद कानांवर पडतो आणि खालचे कप्पे एकदम साठावर येतात. माणूस झपाझप चालत असतो आणि कुणीतरी स्विच बंद केल्यासारखा थांबतो. डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांना वाटतं, आता यांना झेपत नाही, रुग्णालाही तेच वाटतं. कार्डिओग्राम बसल्यावेळी काढला की सगळं ठाकठीक. प्रत्यक्षात ते दोन काळ थोडे कमी केले की अडथळा वर सरकतो. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही.

*

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात पेसमेकर क्लिनिकच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर नजर टाकली तर चित्र सारखंच दिसतं. साताऱ्याहून, नांदेडहून, चिपळूणहून आलेली माणसं, हातात फाइल आणि पाकिटात पेसमेकरचं कार्ड. आत टेबलावर वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर, कारण एका कंपनीचं यंत्र दुसरीची डबी वाचू शकत नाही. आकडे बदलायला बऱ्याचदा कंपनीचाच तंत्रज्ञ बसलेला असतो, डॉक्टर सही करतात. छातीवर प्रोग्रॅमरची वँड ठेवतात, बॅटरी किती उरली, तारा शाबूत आहेत का, पाहतात, आणि पुढचा रुग्ण आत येतो. गर्दी पाहता त्यांना दोष देणं सोपं आहे, बरोबर नाही. पण ‘बॅटरी चांगली आहे’ हे ऐकून समाधानानं परत जाणाऱ्या माणसाला चढावर धाप का लागते, हा प्रश्न त्या खोलीत विचारलाच जात नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे हार्ट फेल्युअर लवकर गाठतं. २०१३मधल्या त्रिवेंद्रमच्या नोंदवहीत रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं. या वयात माणूस दुकान चालवतो, शेतात जातो, नातवाला शाळेत सोडतो. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात दशकभराहून जास्त काळापूर्वी अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी दान दिलेले, निर्जंतुक केलेले पेसमेकर ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले आणि ते उत्तम चालले. यंत्रासाठी एवढी खटपट करणाऱ्या आपल्या समाजात, बसवलेल्या यंत्राचे आकडे तपासून घ्यायला कुणी खटपट करत नाही याचं मला नवल वाटतं. यंत्राचे लाख-दीड लाख मोजून झालेले असतात, आकडे बदलायला जवळजवळ काही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याकडे कुणाचं लक्ष जात नसेल.

प्रत्येक पेसमेकरच्या आठवणीत एक आलेख असतो. गेल्या काही महिन्यांत हृदय किती वेळ कुठल्या वेगानं चाललं, त्याचे उभे खांब. धडधाकट फिरणाऱ्या माणसाचे खांब साठापासून एकशे दहा-वीसपर्यंत उतरत गेलेले दिसतात. ज्याचे सगळे खांब ६० आणि ७०च्या मध्येच दाटीवाटीनं उभे आहेत, त्याचं हृदय चालतानाही बसलेलंच असतं. प्रोग्रॅमरवर हा आलेख छापून मिळतो, मागितला तर रुग्णाच्या फाइलीतही लागतो. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत: माझ्या पेसमेकरचा खालचा आणि वरचा वेग किती ठेवलाय, तार कुठल्या कप्प्यात कुठे आहे, आणि शंभरातले किती ठोके यंत्र देतं. यातला शेवटचा आकडा मोठा असेल, तार टोकाशी असेल आणि पंपिंग उतरत चाललं असेल, तर वेग वाढवायची चर्चा बाजूला ठेवून तारेचीच चर्चा करावी लागते.

आणि आकडे बदलायचे ठरले, तर ज्या मोजक्या ठिकाणी हे मनापासून करतात तिथली रीत साधी आहे. सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी वाढवायची, रुग्णाला उठवून हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये त्याच्या नेहमीच्या चालीनं दोन फेऱ्या मारायला लावायच्या, परत आणून वेग किती वाढला ते प्रोग्रॅमरवर पाहायचं. जास्त झाला तर एक पायरी खाली. जिथे धाप लागते तो प्रसंग जिन्याचा असेल तर जिन्यावर. महिनाभरानं पुन्हा बोलावून खांबांचा आलेख पाहायचा आणि सहा मिनिटांत किती चाललं ते फूटपट्टीसारख्या आखलेल्या त्याच कॉरिडॉरमध्ये मोजायचं. याला भूल लागत नाही, टाका लागत नाही, आणि न जमलं तर जुने आकडे एका बटणावर परत येतात.